दहा ग्रॅमचा दोरा: आठ महिने वापरल्यानंतर

गेल्या मे महिन्यात मी ऑनलाइन तीन वस्तू मागवल्या. तळपायाची संवेदना तपासायचा १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट, थरथर कळते का ते बघायचा १२८ हर्ट्झचा नादकाटा (ट्यूनिंग फोर्क) आणि डॉक्टर गुडघ्यावर मारतात तो रबरी हातोडा. तिन्ही मिळून हजार रुपयांच्या आत बसलं. मोनोफिलामेंट हा शब्द आमच्या घरात कुणाच्या तोंडात बसला नाही, सगळे त्याला दोराच म्हणतात, म्हणून मीही इथे दोराच म्हणते. घरात कुणाला दहा-पंधरा वर्षांची साखर असेल तर हे सगळं नीट वाचा.

मी कऱ्हाडला राहते. ३१ वर्षं माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले. आमचे हे एसटीत वाहक होते. त्यांना साखर निघून चौदा वर्षं झाली, गोळ्या चालू आहेत, पथ्य बरंचसं पाळतात. मागच्या चैत्रात आम्ही जोतिबाला गेलो. पौर्णिमेला गर्दी फार असते म्हणून नंतरचा रविवार धरला, तरी डोंगरावर पोचायला साडेबारा वाजले. पायताणं बाहेर ठेवली आणि आवारात शिरलो. फरसबंदी इतकी तापली होती की माणसं अक्षरशः उड्या मारत सावली गाठत होती. मी पदर सावरत तशीच पळाले. मागे वळून पाहिलं तर हे त्या उन्हातून संथ पावलं टाकत, हात जोडून, देवळाकडे बघत येत होते. मला भरून आलं. म्हटलं, केवढी श्रद्धा आहे या माणसाची.

रात्री घरी आल्यावर पायाचा गुलाल धुवायला त्यांनी बादलीत पाय घातले. गुलाबी पाणी ओतून टाकलं तेव्हा दिसलं. डाव्या चवड्याखाली जुन्या रुपयाएवढा फोड, आणि उजव्या अंगठ्याखालचा फोड फुटून कातडी सुटलेली. त्यांना काही माहीत नव्हतं. "दुखत नाही गं," म्हणाले, "उगाच घाबरू नकोस." तो फोड भरायला सात आठवडे लागले.

या प्रसंगाने मी आतून हलले, कारण ३१ वर्षं मी फळ्यावर नेमकं हेच काढत आले होते. हात तापलेल्या तव्याला लागतो, संवेदी चेतापेशी निरोप मेरुरज्जूकडे नेते, तिथून सहयोगी चेतापेशी तो प्रेरक चेतापेशीच्या हाती देते, स्नायू आकसतो, हात मागे येतो आणि मेंदूला त्यानंतर कळतं. आत येणारी रेघ मी लाल खडूने काढायची, बाहेर जाणारी निळ्याने. ती लाल रेघ पुसली गेली तर माणसाचं काय होतं, हे मात्र मी एकाही वर्गाला शिकवलं नाही. त्या दिवशी आवारात उड्या मारणारा प्रत्येक माणूस माझी आकृती होता. एक पाय चटकन वर येतो, आणि त्याच क्षणी दुसरा पाय ताठ होऊन सगळं वजन घेतो, नाहीतर माणूस पडेल. हे दोन्ही हुकूम मेरुरज्जूतूनच सुटतात. चार्ल्स शेरिंग्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने हा सगळा व्यवहार फार बारकाईने उलगडून दाखवला. दोन चेतापेशींमधल्या जोडाला ‘सिनॅप्स’ हे नाव त्यांनीच १८९७ मध्ये रूढ केलं आणि १९३२ चं नोबेल त्यांना एडगर एड्रियन यांच्यासोबत मिळालं. हे सगळं मला पाठ होतं. तरी नवऱ्याच्या पायात ते घडत नाही, हे बघूनही मला कळलं नाही. मी त्याला श्रद्धा समजले.

जखम दाखवायला ज्या पायांच्या दवाखान्यात गेलो तिथल्या डॉक्टरबाईंनी चाळीस मिनिटं नुसते पाय तपासले. आधी डोळ्यांनी पाहिलं, बोटांच्या बेचक्यांत, टाचेच्या भेगांत, घट्ट्यांवर. मग पेनासारख्या दांड्याला लावलेला नायलॉनचा दोरा काढला आणि ह्यांना डोळे मिटायला सांगितले. "काका, दोरा लागला की हो म्हणायचं आणि कुठल्या पायाला तेही सांगायचं." दोऱ्याचं टोक अंगठ्याखाली टेकवलं, दोरा धनुष्यासारखा वाकला, सुटला. हे गप्प. चवड्यावर टेकवला. गप्प. मी समोर बसले होते आणि माझ्या डोळ्यांसमोर दोरा वाकत होता. शेवटी यंत्राची कांडी पायाला लावून थरथर वाढवत नेली. थरथरीचा जोर व्होल्टमध्ये मोजणारं ते यंत्र ५० पर्यंत जातं आणि २५ च्या पुढे थरथर कळली तर पाय धोक्यात धरतात. ह्यांना उजव्या पायाला ३४ वर कळली, डाव्याला ३१ वर.

त्या दिवशी परत येताना ठरवलं की तो दोरा घरात हवा.

आता वस्तूंबद्दल. आधी दोरा, कारण माझ्या मते खरी खरेदी तीच.

दिसायला काहीच नाही. प्लास्टिकची बोटभर दांडी, तिच्या टोकाला काटकोनात बसवलेला जाड, ताठ, पांढरट नायलॉनचा तुकडा. दांडीवर ५.०७ आणि १० ग्रॅम असं छापलेलं. पहिला आकडा लॉगरिदमच्या मापातला आहे, घरच्या वापराला त्याचा उपयोग नाही. १० ग्रॅम लक्षात ठेवा. अशा दोऱ्याची खुबी अशी की टोकावर दाब देत गेलं की तो ठराविक जोरापर्यंत ताठ राहतो आणि मग एकदम वाकतो. वाकल्यावर आणखी ढकललं तरी टोकाशी दाब जवळपास तेवढाच राहतो. त्यामुळे तपासणाऱ्याचा हात जड आहे की हलका याने फरक पडत नाही. माक्स फोन फ्राय या ऑस्ट्रियन-जर्मन शास्त्रज्ञाने १८९६ च्या सुमारास हेच काम घोड्याच्या आणि माणसाच्या केसांनी केलं होतं. काडीला केस चिकटवून कातडीवर ठिपक्याठिपक्याने टेकवत त्यांनी दाखवलं की स्पर्शाचे बिंदू वेगळे आणि दुखण्याचे वेगळे. नायलॉन नंतर आला. काम तेच राहिलं.

मी शाळेच्या सवयीने पहिल्याच दिवशी दोऱ्याची परीक्षा घेतली. माझ्याकडे सोनं तोलायचा छोटा डिजिटल काटा आहे, ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा. त्यावर दोरा टेकवून वाकेपर्यंत दाबायचा आणि आकडा बघायचा. दहा वेळा केलं. सगळ्यात कमी ९.६, सगळ्यात जास्त १०.७. या किमतीच्या वस्तूकडून याहून जास्त अपेक्षा नाही. मला समाधान वाटलं. तुम्हीही हे नक्की करा. स्वयंपाकघरातला एक-एक ग्रॅम दाखवणारा काटा यासाठी चालत नाही, हळू दाबलं तर तो शून्यावरून हलतच नाही.

जुलैत मात्र धक्का बसला. पावसाची झड लागली होती, कपडे वाळत नव्हते, आणि त्या आठवड्यात दोरा ८.८ ते ९.३ दाखवायला लागला. नायलॉन हवेतला ओलावा शोषतो आणि मऊ पडतो. नव्या चपलांच्या खोक्यात निघालेल्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत त्याला स्टीलच्या डबीत ठेवलं, तर तीन दिवसांत तो परत साडेनऊच्या वर आला. कोकणात राहणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावं.

खरी तक्रार वेगळीच आहे. या दांडीला जे टोपण दिलंय ते सैल आहे. ऑगस्टमध्ये टोपण घसरलं, दोरा डबीच्या कडेला अडकून आडवा दाबला गेला आणि मला दोन आठवडे कळलं नाही. नंतर काट्यावर ७.९ आला, आणि सरळ करून ठेवला तरी तो नऊच्या वर गेला नाही. दोरा कमी जोराला वाकत असेल तर "कळत नाही" हे उत्तर जास्त वेळा येतं आणि घर उगाच हादरतं. मी तो फेकून दिला आणि दुसऱ्या बनावटीचा घेतला, ज्यात दोरा चाकूच्या पात्यासारखा मिटून दांडीच्या खाचेत सरळ बसतो. साठ रुपये जास्त गेले. हाच घ्या. टोपणवाला घेऊ नका.

आणखी एक. सोबतची माहितीपत्रिका फक्त इंग्रजीत, भिंगाशिवाय वाचता न येणाऱ्या अक्षरांत. त्यात पाच गोष्टी असायलाच हव्या होत्या आणि त्यातल्या दोनच होत्या, म्हणून मी लिहिते. पहिल्यांदा दोरा हाताच्या आतल्या बाजूला लावून दाखवायचा, म्हणजे काय ओळखायचं ते त्यांना समजतं. मग डोळे मिटायचे. अंगठ्याचं पोट आणि चवड्यावरच्या तीन जागा, अंगठ्याच्या, मधल्या बोटाच्या आणि करंगळीच्या मुळाशी, एवढ्या पुरे. घट्टा, कुरूप, जखम यांवर लावायचा नाही, बाजूला लावायचा. काटकोनात टेकवून वाकेपर्यंत दाबायचा, एक-दोन सेकंद ठेवायचा आणि सरकू द्यायचा नाही, कारण दोरा घसरला की गुदगुलीसारखी वेगळी संवेदना होते. तोच दोरा लागोपाठ खूप माणसांना वापरायचा नाही. शंभरेक वेळा वाकवल्यावर त्याला दिवसभर विश्रांती लागते. हे शेवटचं मला डॉक्टरबाईंनी सांगितलं, पत्रिकेत त्याचा मागमूस नाही. मी एका रविवारी शेजारच्या चार घरांत दोरा फिरवून आले होते, ते ऐकून त्यांनी मला थांबवलं.

विकणाऱ्याने जाहिरातीत लिहिलंय की याने मधुमेह घरबसल्या ओळखा. हे साफ चुकीचं आहे. दोरा साखर ओळखत नाही. नसा बिघडायला नुकती सुरुवात झाली असेल तर तेही तो सांगत नाही, जळजळ आणि मुंग्या यांचा त्रास असलेल्या माणसालाही दोरा व्यवस्थित कळू शकतो, कारण ते काम बारीक तंतूंचं आणि हा दाब नेणारे तंतू जाड. दोरा एवढंच सांगतो की पायाची राखण करणारी संवेदना शाबूत आहे का.

इथे मला थोडं कातडीच्या आत जावंच लागेल. स्पर्श म्हणून आपण जे एक म्हणतो ते अनेक प्रकारच्या ग्राहींचं, म्हणजे कातडीतल्या संवेदना टिपणाऱ्या टोकांचं काम आहे. हलका स्पर्श मायस्नरचे ग्राही टिपतात, टिकून राहिलेला दाब मर्केलचे, कातडीचा ताण रफिनीचे. खोलवर पॅसिनीचे असतात, कांद्यासारखे पापुद्र्यांचे, जवळजवळ एक मिलिमीटर लांब, नुसत्या डोळ्यांना दिसतील एवढे, आणि ते थरथर पकडतात. दुखणं आणि चटका यांना असं घरच नाही, चेतातंतूंची उघडी टोकं असतात. त्या टोकांवरचा एक प्रथिनाचा दरवाजा ४३ अंशांच्या आसपास उघडतो. तोच मिरचीतल्या कॅप्सेसिननेही उघडतो, म्हणून ठेचा खाल्ल्यावर तोंड ‘भाजतं’. तो दरवाजा शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना आणि दाब ओळखणारे दरवाजे शोधणाऱ्या आर्डेम पातापूतियन यांना २०२१ चं नोबेल मिळालं. बातमी आली तेव्हा मी निवृत्त झाले होते, नाहीतर वर्गात ठेचा घेऊन गेले असते.

तंतूंचे वेगही सारखे नाहीत. स्पर्श नेणारे जाड तंतू सेकंदाला ३० ते ७० मीटर धावतात. तीव्र टोचणीचे त्याहून बारीक, ५ ते ३०. आणि ठणका, जळजळ नेणारे सगळ्यात बारीक तंतू सेकंदाला अर्धा ते दोन मीटर, म्हणजे चालत गेल्यासारखे. उंबऱ्याला करंगळी ठेचली की आधी आपटल्याचं कळतं, एक तीक्ष्ण कळ येते, आणि मग तो एक क्षण येतो ज्यात आपल्याला पक्कं माहीत असतं की आता खरं दुखणार आहे. तो क्षण म्हणजे बारीक तंतूंचा पायापासून पाठीपर्यंतचा प्रवास. मी हे ह्यांना समजावलं तेव्हा ते म्हणाले, "मला असं ठेच लागून शेवटचं कधी दुखलं, ते आठवत नाही." तोवर मला वाटायचं की त्यांना ठेचच लागत नाही.

पायच आधी का जातात, हेही विचारलं त्यांनी. तळपायाची संवेदना नेणाऱ्या पेशीचं शरीर कमरेत, पाठीच्या कण्याशेजारी असतं आणि तिचा तंतू मीटरभर लांब, थेट अंगठ्यापर्यंत. साखर जास्त राहिली की असे लांब तंतू टोकाकडून झिजायला लागतात. म्हणून बधिरपणा आधी बोटांत येतो, मग मोजा वर ओढावा तसा चढत जातो. ह्यांना वर्षभर गादीवरून चालल्यासारखं वाटत होतं आणि ते मला सांगायचे. मी म्हणायची, नवीन चप्पल मऊ असेल.

दोऱ्याचा इतिहास वाचताना मला वेल्लोर सापडलं. पॉल ब्रँड नावाचे शल्यविशारद १९४६ पासून तिथल्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात कुष्ठरुग्णांच्या हातापायांवर काम करत होते. त्यांचा जन्म तमिळनाडूतल्याच कोल्ली डोंगरातला. कुष्ठरोगात बोटं आपोआप झडतात असं तेव्हा सगळे मानत. ब्रँड यांनी दाखवून दिलं की मांस सडत नाही, दुखणं हरपल्यामुळे माणूस नकळत स्वतःला जखमा करत राहतो आणि त्यात बोटं जातात. गरम भांडं उचलतो, खिळ्यावर चालतो, फोड आलेल्या पायावरच पुन्हा वजन टाकतो. पुढे ते अमेरिकेत लुइझियानातल्या कारव्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले, आणि तिथे हेच शहाणपण मधुमेह्यांच्या पायांसाठी वापरलं गेलं. १० ग्रॅमची रेघही तिथल्याच कामातून ठरली. मी लहान असताना आमच्या शाळेत कुष्ठरोगाची पाहणी करायला कर्मचारी यायचे, पाठीवरचा चट्टा बघून त्यावर पेनचं टोक टेकवायचे आणि "कुठं लागलं, बोट ठेव" म्हणायचे. आता ह्यांच्या पायाशी बसून मी तेच करते. लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही, हे मला सासूबाईंना समजवावं लागलं.

घरी पहिल्या रविवारी मी दोरा लावला तेव्हा आठही जागांना ह्यांनी "हो" म्हटलं. मला इतका आनंद झाला की मी शिरा करायला निघाले होते. मग लक्षात आलं की मी ठरावीक चालीत, मनातल्या मनात आकडे मोजत दोरा टेकवतेय आणि ते त्या चालीवर हो म्हणतायत. दुसऱ्या खेपेला मी मध्येच थांबले, दोरा हातातच धरून ठेवला. "हो, उजवा," आवाज आला. मी काहीच बोलले नाही. त्यांनी डोळे उघडले, माझा हात कुठे आहे ते पाहिलं आणि मान खाली घातली. आयुष्यभर रात्रीच्या गाड्या केलेला, बसमधलं कुठलंही भांडण मिटवणारा हा माणूस, त्याला नापास व्हायचं नव्हतं एवढंच. तेव्हापासून मी अंतर बदलत राहते, मध्ये दोन-तीन वेळा काहीच लावत नाही, आणि निकाल काहीही आला तरी आवाज तोच ठेवते. पत्रिकेत हेही नाही. आठपैकी तीन जागा त्यांना खरोखर कळतात, दोन डाव्या पायाच्या आणि एक उजव्याची. आठ महिन्यांत त्यात बदल नाही. गेलेली संवेदना परत येईल ही आशा धरून बसू नका, आहे ती टिकली पाहिजे, असं डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलंय.

नादकाट्याचं थोडक्यात. शाळेच्या प्रयोगशाळेत मी २५६ आणि ५१२ चे वापरले होते, आणि ५१२ चा एक माझ्याकडे होताच, म्हणून आधी त्यानेच करून पाहिलं. जमत नाही. त्याची थरथर बारीक आणि लगेच विरते. १२८ चा लांब, भुजांच्या टोकांना वजनं लावलेला असतो आणि त्याची थरथर हाडाला लागते, बराच वेळ टिकते. तळहाताच्या कडेवर आपटायचा आणि बुंधा अंगठ्याच्या नखामागच्या हाडावर टेकवायचा. "थांबलं की सांगा" म्हणायचं. ह्यांना अंगठ्यावर काहीच लागत नाही, घोट्याच्या हाडावर लागतं पण लवकर थांबतं, तेव्हा माझ्या बोटांना तो अजून गुणगुणताना जाणवत असतो. वस्तू उत्तम आहे, पोलाद जड आहे, बुंधा गुळगुळीत. तरी घरी यातून दोऱ्यापेक्षा वेगळा निर्णय काही निघत नाही. आणि एकदा लावायचा म्हणजे आपण किती जोरात आपटला यावर सगळं अवलंबून. घेतला नाही तरी चालेल.

हातोडा मात्र घरी घेऊ नका. तिकोनी रबराचा, टेलर पद्धतीचा. हा आकार फिलाडेल्फियात १८८८ मध्ये निघाला आणि अजून तसाच आहे, यावरून तो किती बरा आहे ते कळतं. गुडघ्याच्या वाटीखालच्या स्नायुबंधावर मारला की मांडीचा स्नायू किंचित ताणला जातो, त्यातल्या ग्राहींना ताण कळतो, मेरुरज्जूत मध्ये कुणीही नसताना एकाच जोडावरून हुकूम परत येतो आणि पाय उडतो. एर्ब आणि वेस्टफाल या दोन जर्मन डॉक्टरांनी १८७५ मध्ये स्वतंत्रपणे हे नोंदवलं. साखरेच्या माणसाचा आधी घोट्याचा झटका जातो, टाचेमागच्या शिरेवर मारल्यावर येतो तो. ह्यांचा गेलाय. पण तो वयानेही जातो, आणि नवख्या माणसाला तो खरंच नाही की आपण चुकीच्या जागी मारतोय, हे कळत नाही. मी महिनाभर मारत होते, कधी येतोसा वाटायचा, कधी नाही. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून ओढायला सांगितली की दबलेला झटका उमटतो, ही डॉक्टरांची युक्तीही करून पाहिली. शेवटी समजलं की हे हात बसलेल्या माणसाचं काम आहे.

हातोड्याचा उपयोग नातवाला झाला. तो क्रिकेटवेडा आहे आणि स्लिपमधला झेल म्हणजे ‘रिफ्लेक्स’ असं समालोचकाचं ऐकून ठामपणे सांगतो. त्याला खुर्चीवर बसवून पाय उडवून दाखवला. मग फूटपट्टी त्याच्या बोटांच्या बेचक्यातून सोडली, त्याने २० सेंटिमीटरवर पकडली, म्हणजे ०.२ सेकंद. गुडघ्याच्या झटक्यात स्नायूपर्यंत हुकूम पोचायला याच्या आठव्या-दहाव्या हिश्शाएवढाच वेळ लागतो. झेल डोळ्याने बघून, मेंदूने ठरवून, हजारो वेळा सराव करून घेतलेला असतो, तो कमवावा लागतो. गुडघ्याचा झटका कुणी कमवत नाही. "म्हणजे आजोबांच्या पायाला सराव केला तर कळेल?" त्याने विचारलं. मी नाही म्हटलं. मग तो स्वतःहून दर रविवारी आरसा धरायला बसायला लागला, तळपाय दाखवण्यासाठी.

ज्यांना पैसे घालायचे नाहीत त्यांच्यासाठी एक तपासणी फुकट आहे आणि मला ती दोऱ्याइतकीच आवडली. इंग्लंडमधल्या इप्सविचच्या डॉक्टरांनी ती बसवली. आपल्या तर्जनीचं टोक दोन्ही पायांच्या अंगठ्यावर, मधल्या बोटावर आणि करंगळीवर हलकेच, एक-दोन सेकंद टेकवायचं. दाबायचं नाही, टोचायचं नाही, थोपटायचं नाही. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही तर डॉक्टर गाठायचा. ह्यांना चार ठिकाणी कळलं नाही. जोतिबाला जायच्या आधी हे मला कुणी सांगितलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी बोट. बोटाने शंका आली की दवाखाना. तिथे संवेदना कमी निघाली आणि तुम्हाला घरी लक्ष ठेवायचं असेल तर दोरा, मिटणारा, आणि सोबत काटा. आम्ही महिन्यातून एकदा लावतो, त्याहून जास्त वेळा लावून हाती काही लागत नाही. पाय बघणं मात्र रोज, झोपायच्या आधी. आंघोळीच्या पाण्यात आधी माझं कोपर जातं. ह्यांचं पायताण आता मऊ, बारीक छिद्रांच्या एमसीआर रबराचं आहे आणि घालण्याआधी ते उलटं करून झटकतात. मागच्या महिन्यात त्यातून एक खडा पडला, ज्वारीच्या दाण्याएवढा. आदल्या संध्याकाळी ते त्याच्यावर दोन किलोमीटर चालून आले होते.

येत्या चैत्रात जोतिबाला जायचंय. ह्यांनी नको म्हटलं होतं, मीच हट्ट धरला. जाड सुती मोजे आणून ठेवलेत, पहाटेची गाडी ठरवली आहे, ऊन चढायच्या आत दर्शन घेऊन खाली उतरायचं. गुलाल तिथेच नळावर धुणार आहे मी, गावी येईपर्यंत थांबणार नाही.